नुसत्या नावाची हाक

फोर्ट पोर्टलच्या बाजारामागे न्हाव्याच्या दुकानाला लागून जो व्हरांडा आहे, तिथे बसून कासेमिरेने सत्तावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. बाई कामाला वाघ आणि तोंडाने तिखट. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायची, "एवढी घाई असेल तर सोमवारी पोराला केळीच्या पानात गुंडाळून पाठव!"

शेजारी बसून काजं-बटणं करायची तिची मुलगी कोबुसिंगे. वय एकतीस. चाळीस पोरांची मापं ही मुलगी डोक्यात ठेवायची आणि त्यातलं एकही चुकायची नाही. तरी आई ओरडायचीच, "लिहून ठेव गं अब्वोली, तुला डोकं नाही!" मुलगी मुकाट्याने लिहायची. सातवीत नापास झालेल्या मुलीने आणखी काय करायचं?

अब्वोली हा तिचा एम्पाको. आमच्या तोरो मुलखात माणसाला नाव असतं ते कागदावर लिहायला. हाक मारायची ती एम्पाकोने, बारशाला घरच्यांनी मायेने दिलेल्या दुसऱ्या नावाने. आईला, बापाला, शेजारणीला, सगळ्यांना तसंच. कासेमिरेचा एम्पाको अड्येरी, म्हणून मुलगीही तिला अड्येरीच म्हणायची. कुणी नुसत्या नावाने हाक मारली, तर समजावं की त्याने माणूस तोडला.

त्या वर्षी गावभर एका भाषणाची पत्रकं लागली. 'तू कोणीच नव्हतास. आता ऊठ!' खाली चकचकीत कोटातला बागुमा. हा कासेमिरेच्या मेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा. तिच्याच घरात वाढला, शिकला, कंपालाला गेला आणि माणसांना आयुष्य बदलून देणारी भाषणं करू लागला. अकरा वर्षांत आत्याच्या दारात त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

"जाऊ या ना, अड्येरी," कोबुसिंगे म्हणाली. "त्याचं ऐकून माणसं बदलतात म्हणे. मीही रात्रशाळेत नाव घालीन कदाचित."

"बदलायला तू काय पडदा आहेस?" कासेमिरे म्हणाली, पण गेली. भाचा आपलं नाव घेईल अशी आशा होती, उगाच कशाला खोटं बोला.

शनिवारी दुपारी चर्चचं सभागृह तुडुंब भरलं होतं. मायलेकी मधल्या रांगेत बसल्या. बागुमा गालाला माइक लावून फेऱ्या मारत बोलू लागला. आवाज मात्र देवाने दिलेला. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

"मी पोतं अंथरून झोपायचो!" तो गरजला. "ज्या घरात वाढलो त्या घरातली बाई मला म्हणायची, तू कोणीच नाहीस!"

कासेमिरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात पलंग एकच होता आणि त्यावर हा झोपायचा. पोत्यावर झोपायची कोबुसिंगे. पावसाळ्यात त्या पोत्याला बुरशी यायची, तिचा वास आईच्या नाकातून अजून गेला नव्हता. आणि घासातला घास काढून दिलेली आत्या म्हणजे 'घरातली बाई'? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला!

तरी ती जागची उठली नाही. चारचौघांत घरचं धुणं कशाला?

"आज ज्याला वाटतं की आपल्याला डोकं नाही," बागुमा म्हणाला, "त्याने उभं राहून कबूल करावं."

आणि शेजारची खुर्ची करकरली. कोबुसिंगे उभी राहिली होती. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

"मला डोकं नाही," ती म्हणाली. "आई म्हणते ते खरंच आहे. मी सातवीत नापास झाले. पण मला अजून शिकायचंय."

बागुमाने तिला ओळखलं. आणि तो हसला. ते हसू बघूनच कासेमिरेचे दात आवळले गेले.

"टाळ्या!" तो म्हणाला. "ही माझी आत्येबहीण. बघा, एका छपराखाली दोन पोरं वाढली. एकाने स्वप्न पाहिलं, एकीने नाही पाहिलं. फरक कशाचा? फक्त मनाचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोबुसिंगेही वाजवत होती, स्वतःच्या नालायकीवर.

"बागुमा!"

कासेमिरे उभी राहिली होती. सभागृह चरकलं. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने तोंडावर हात ठेवला. आत्याने भाच्याला नुसत्या नावाने हाक मारावी, तीही चर्चमध्ये?

"आराली म्हण, अड्येरी," बागुमा गोड आवाजात म्हणाला. "तुझा राग समजतो मला. राग सोडून दे."

"तुझ्या बारशाला तो एम्पाको मीच सुचवला होता, आज परत घेते! पोत्यावर कोण झोपत होतं रे? सांग ना! तुझ्या गादीत ढेकूण झाले तर उन्हात घालायला माझी पोर उचलायची ती. आणि कोणीच नव्हतास म्हणे! तोरोत जन्मलेलं पोर कोणीच नाही असं होतं का? आठवड्याच्या पोराला आम्ही मायेचं नाव देतो, आणि तू म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून वदवून घेतोस, मी कोणीच नव्हतो, मी कोणीच नव्हतो! लाज नाही वाटत?"

मागून कुणीतरी "खरंय!" म्हणालं. बागुमाचं हसू आटलं. मग तो सावकाश, एकेक शब्द तोलून बोलला.

"पोत्याचं राहू दे, आत्या. पण ती सातवीत नापास झाली, हे तरी खरं ना? तूच सांग सगळ्यांना."

मेल्याला सगळं ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीवर लावलेला निकाल आत्या-भाच्याने मिळूनच वाचला होता. म्हातारी आपली अब्रू उघड्यावर टाकणार नाही, अशी त्याची खात्री होती.

कासेमिरे खाली बसली असती तर चाललं असतं. पुढच्या महिन्यात परत गणवेश, परत काजं. तिने मुलीकडे पाहिलं. माइक छातीशी धरून मुलगी उत्तराची वाट बघत होती.

"नाही," कासेमिरे म्हणाली. "नापास नव्हती झाली. हिवतापाने फणफणली होती, म्हणून निकाल बघायला मी गेले. दोघं एकाच वर्षी सातवीला होती आणि दोघांना पुढे शिकवायची ताकद माझ्यात नव्हती. भावाचं पोर घरी बसवलं असतं तर कुळाने मला फाडून खाल्लं असतं. म्हणून मी हिला सांगितलं, तू नापास झालीस. रडारड करू नये म्हणून वर सांगितलं, तुला डोकंच नाही. एकदा म्हटलं आणि मग म्हणतच राहिले." तिने बागुमाकडे बोट केलं. "आणि हा तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. ह्याला सगळं ठाऊक आहे!"

टाळी वाजली नाही. बागुमा पाण्याची बाटली शोधू लागला.

कोबुसिंगेने माइक हळूच खुर्चीवर ठेवला आणि ती बाहेर पडली. कासेमिरे तिच्यामागे धावली. बाजार, न्हाव्याचं दुकान, व्हरांडा मागे पडला, तरी मुलगी वळून बघेना.

"अब्वोली! अगं अब्वोली, थांब!"

चहाच्या मळ्याच्या बांधावर मुलगी थांबली. डोळे कोरडे होते, निखाऱ्यासारखे.

"कासेमिरे," ती म्हणाली.

अड्येरी नाही. नुसतं नाव. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ही हाक दुसऱ्या कुणी मारली असती तर कासेमिरेने त्याचं थोबाड फोडलं असतं. तिने मान खाली घातली.

"ओ," ती म्हणाली.

"मला किती होते?"

आमच्याकडे त्या परीक्षेत आकडा जितका लहान तितकं पोर हुशार. चार विषयांचा एकेक, असे चार म्हणजे सगळ्यात वर, त्याच्यापुढे कुणी जाऊच शकत नाही.

"पाच," कासेमिरे म्हणाली.

"आणि त्याला?"

"एकवीस."

कोबुसिंगेने दोन्ही आकडे पुन्हा एकदा तोंडातल्या तोंडात म्हटले. ते तिला लिहून ठेवावे लागणार नव्हते.