डेमोची गाडी

गाडी बदलायची, असं माझे यजमान पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सात-आठ वर्षं झाली की ते गाडी बदलायचेच. सोलापुरात त्यांनी जन्मभर सुताचा व्यापार केला, यंत्रमागवाल्यांना सूत पुरवलं. कपड्यांची हौस नाही, खाण्यापिण्याची नाही. हौस एकच, गाडी. दुकान बंद केल्यावर घेतली ती ही काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची सेडान. होटगी रोडवर आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा आजूबाजूची माणसं बघायला आली होती. ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवला नाही. मलाही गाडी येते, शाळेत शिकवायला मी माझ्या छोट्या गाडीतून जात असे. पण या गाडीचं स्टीअरिंग त्यांनी माझ्या हातात कधी दिलं नाही.

"नवीन मॉडेल आलंय. ही देऊन टाकू, ती घेऊ," ते म्हणाले.

"बघू की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी तेच, त्याच शब्दांत, आताच सुचल्यासारखं सांगितलं. मीही पुन्हा "बघू की" म्हणाले.

विसरण्याचा आजार आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. यजमानांसमोर सौम्य शब्दांत, मला एकटीला स्पष्ट. "गाडी बंद करावी लागेल," असंही ते म्हणाले होते. पण ज्या माणसाने मला, मुलाला, आपल्या म्हाताऱ्या आईला जन्मभर हवं तिथे नेऊन पोचवलं, त्याला "आता तुम्ही चालवू नका" असं म्हणायला माझी जीभ रेटेना. सात रस्ता चौकात भाजी आणायला गेले की ते फार उशिरा परतायचे. "सगळीकडे खोदून ठेवलंय," म्हणायचे. आमच्याकडे रस्ते खोदलेले असतातच, त्यामुळे मला ते खरं मानून घेता यायचं. एकदा फाटकाच्या खांबाला घासून गाडीचा दरवाजा चेपला. तेव्हा म्हणाले, "फाटक अरुंद आहे."

मुलगा पुण्यात असतो. मी त्याला फोन केला तर तो उलट म्हणाला, "घेऊ दे त्यांना. नव्या मॉडेलमध्ये समोर काही आलं तर ब्रेक आपोआप लागतो. गाडी भरकटली तर स्टीअरिंग थरथरतं. बाबांना त्याचीच तर गरज आहे."

"त्यांनी गाडी चालवावी का, हा प्रश्न आहे रे."

"मग ते तू सांगणार आहेस त्यांना?"

मी फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्या गाडीवर आशा ठेवून बसले. दुपारी चष्मा लावून तिची माहिती वाचायचे. ही गाडी थांबेल, ही गाडी सांभाळेल, असं मनाशी म्हणायचे.

सोलापुरात त्या कंपनीचं शोरूम नाही. पुण्याहून एक विक्री अधिकारी डेमोची गाडी घेऊन घरी आले. पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ. यजमानांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, स्वतःहून दाढी केली होती. कितीतरी दिवसांनी मला ते पूर्वीसारखे दिसले.

"लई भारी आहे की," पांढऱ्या गाडीभोवती फिरून ते म्हणाले. मग स्टीअरिंगवर बसले, शेजारी ते अधिकारी, मागे मी.

दोन सीटच्या मध्ये गिअरचा दांडा नव्हता. त्यांचा डावा हात तिथे गेला, चाचपडला, परत आला. अधिकाऱ्यांनी स्टीअरिंगमागची काडी दाखवली. "अच्छा," ते म्हणाले आणि गाडी निघाली. अक्कलकोट रोडला लागेपर्यंत सगळं नीट होतं. नंतर मात्र त्यांचा हात पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जायला लागला. समोरच्या पडद्यावर काहीतरी लुकलुकत होतं, गाडी टिक टिक आवाज करत होती, आणि प्रत्येक आवाजाला ते दचकत होते. पुढे उसाची ट्रॉली हळू झाली. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. गाडीने स्वतःच करकचून ब्रेक लावला आणि आम्ही तिघंही पुढे फेकलो गेलो.

"ब्रेक कोण दाबलं?" ते ओरडले. "कोण दाबलं ब्रेक?"

"सर, गाडीनेच..."

त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मागून वाहनं हॉर्न वाजवत होती. मागे वळून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "मनीगे होगोण."

घरी जाऊ या. कानडी ते फक्त आपल्या आईशी बोलायचे. माझ्याशी कधीच नाही. मी सून म्हणून आले आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक करता करता ती भाषा शिकले, म्हणून मला कळलं. त्या क्षणी ते कुणाशी बोलत होते, ते मी विचारलं नाही. "हो, जाऊ," म्हटलं. अधिकारी उतरले, फेरा घालून त्यांच्या बाजूला आले, आणि "सर, परतीला मी चालवतो, तुम्ही आरामात बघा," म्हणाले. आमच्या दारात उतरताना त्यांनी किमतीचा विषय काढला नाही.

संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. उकाडा होता. ते फाटकाकडे बघत होते. मला वाटलं, दुपारचं विसरले असतील. पण ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "नवीन गाडी कशाला पाहिजे होती, सांगू?"

"सांगा."

"नव्या गाडीत पहिले काही महिने सगळ्यांचंच चुकतं. माझं चुकलं असतं तर म्हटलं असतं, गाडी नवीन आहे. जुन्या गाडीत आता काय सांगू?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर त्यांनी तो हळूच बाजूला केला. दया केलेली त्यांना कधी आवडली नाही.

"तूच ठरव," ते म्हणाले. "आजपासून सगळं तूच ठरवत जा."

चाळीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

गाडी बदलायची नाही, असं मी पुण्याच्या त्या अधिकाऱ्यांना कळवलं. मुलाला सांगितलं, तो फक्त "बरं" म्हणाला. त्यानंतरही कितीतरी दिवस ते सकाळी विचारत, "नवीन मॉडेल आलंय म्हणे?" मी "बघू" म्हणत असे. हळूहळू तेही थांबलं. ते विचारायचे तेव्हा जीव कासावीस व्हायचा. थांबलं तेव्हा जास्त झाला.

जुन्या गाडीवर मी ड्रायव्हर ठेवला. डॉक्टरांकडे जायचं असलं की आम्ही दोघं मागे बसतो. एवढ्या वर्षांत मागच्या सीटवर असे शेजारी शेजारी आम्ही बसलोच नव्हतो. सुरुवातीला ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे, मराठी, कानडी, इंग्रजी, सगळ्या. एखादी चुकली तर मी सुधारत नसे. हल्ली ते खिडकीकडे तोंड करून बसतात, आणि पाट्या मी मनातल्या मनात वाचत जाते.