उसनी थुंकी

नागोराव मला आवडत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. शेजारी आहेत, वयाने मोठे आहेत, म्हणून सकाळी जय भीम होतो, तेवढंच.

बोरी अरबच्या ग्रामपंचायतीत ते जन्मभर शिपाई होते. तिथे त्यांनी काय काम केलं ते ग्रामपंचायतीलाही सांगता यायचं नाही, पण निवृत्त झाल्यापासून वागणं साहेबाचं. गालात चोवीस तास सुपारी-तंबाखूचा खर्रा. आणि हेच गृहस्थ दरवर्षी विहारात व्यसनमुक्तीवर भाषण देतात. आधी मागे जाऊन थुंकून येतात, मग माइक धरतात. लोक टाळ्या वाजवतात, कारण भाषण संपलेलं असतं.

त्यांची बायको इंदूबाई. तिला कधी काही दुखलंखुपलं असं नागोरावांनी आजवर ऐकलेलं नाही. तिला दुखलं नाही असं नाही, यांनी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गावात ताप-खोकल्याची साथ आली आणि दोघांनाही तिने धरलं. नागोराव आजारी पडले की अख्ख्या आळीला कळतं. ते कण्हतात, देवाघरी जायच्या गोष्टी करतात आणि मधेच कोंबडीचा रस्सा मागतात. इंदूबाई पदरात तोंड घालून खोकत तो रस्सा करत होत्या. शेवटी मी दोघांना माझ्या ऑटोत घालून यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. पेशंट अर्थात एकच. इंदूबाई पिशवी धरायला.

"तुमीबी दाखवून घ्या," मी त्यांना म्हटलं.

"तिले काय झालं? साधा खोकला हाय," नागोरावांनी परस्पर निकाल दिला.

त्या दवाखान्यात नवी तपासणी सुरू झाली होती. पेशंटची थुंकी घ्यायची, तिच्यात काय काय आहे ते मशीनने मोजायचं, आणि मग कॉम्प्युटरने, म्हणजे त्या एआयने, हजारो जुन्या पेशंटांशी ताडून सांगायचं की हा खोकला आपोआप जाईल की छातीत उतरून श्वास अडवेल. थुंकी घेणारी ममता आमच्याच आळीतली पोर. तिने छोटी बाटली दिली आणि सांगितलं, "आबाजी, तासभर तोंडात काही नको. खर्रा तर नाहीच."

"मी कुठं खातो व? कवाचाच सोडला," नागोराव खर्रा गालात सरकवत म्हणाले.

आता लाल थुंकी भरून त्या पोरीच्या हातात द्यायची म्हणजे गावभर फजिती. आणि तासभर खर्रा थुंकून बसणं त्यांच्या बापाच्यानेही झालं नसतं. ते इंदूबाईंना नळापाशी घेऊन गेले. "तू टाक थोडी. एका घरचं खातो, एका मडक्यातलं पानी पितो. आपली थुंकी काय येगळी हाय?"

इंदूबाईंनी बाटली भरून दिली. जन्मभर नागोरावांनी जे मागितलं ते त्यांनी दिलं होतं.

मशीनने सांगितलं, धोका मोठा आहे, दोन-तीन दिवसांत श्वास अडेल. नागोराव लगेच भरती झाले. ती ऐट बघायला हवी होती. पांढरी चादर, येणारे-जाणारे, "मशीननं सांगतलं, केस शिरीयस हाय." जिच्या थुंकीने हे सांगितलं ती बाई रोज माझ्या ऑटोत डबा घेऊन यायची आणि दवाखान्याचे जिने चढायची. बिछान्यावर पडल्या पडल्या त्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही की थुंकी कोणाची होती.

तिसऱ्या दिवशी नागोराव टुणटुणीत. डॉक्टर म्हणाले, मशीन चुकलं. नागोराव म्हणाले, "भंगार हाय ते." तेवढ्यात मी खालून ओरडलो. इंदूबाई जिन्यातच बसल्या होत्या, ओठ निळे, डबा मात्र मांडीवर सरळ धरलेला. ममता धावत आली, तिने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"थुंकी माही होती व माय," इंदूबाई कशाबशा म्हणाल्या.

बेड रिकामा नव्हता. डॉक्टरांनी नागोरावांना उठवलं, तिथेच इंदूबाईंना ऑक्सिजन लावला. नागोराव चादर आवरत म्हणाले, "मंग माहा डबा कोन आनीन?" मी त्यांना काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

इंदूबाई वाचल्या. मी विचारलं, "तुमाले ठाव होतं, मंग सांगतलं काहून नाई?"

"त्या पोरीपुढं याइची इज्जत गेली असती."

मला इंदूबाईंचाही राग आला.

नागोराव आता पानठेल्यावर सांगतात, "म्या टायमावर तिची थुंकी तपासाले देल्ली, म्हनून वाचली बुढी." लोक माना डोलावतात.

परवा त्यांना पुन्हा खोकला झाला. पुन्हा तोच दवाखाना, तीच ममता, तशीच बाटली. नागोराव गाल फुगवून नळापाशी गेले आणि नेहमीच्या सवयीने बाटली बायकोपुढे धरली.

इंदूबाईंनी बाटली घेतली. झाकण काढलं. मग ती त्यांच्याच हातात परत दिली आणि ममतेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपली आपन थुंका."