पांढऱ्या टोपलीतला पेला

"माझ्या हातून गेलेली बाटली मला दुकानात परत भेटते, फक्त ती ओळख दाखवत नाही," असं आत्या एकदा म्हणाल्या होत्या.

बाटल्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, भट्टीच्या चिमणीखाली, एक लांबट शेड आहे. शहरभरातल्या रिकाम्या बाटल्या आणि फुटक्या बरण्या तिथे पट्ट्यावरून सरकत येतात. आत्या या पट्ट्याच्या तोंडाशी एकोणीस वर्षं उभ्या आहेत. पुढ्यात काचेच्या रंगाप्रमाणे तीन टोपल्या: बिनरंगी काचेची पांढरी, हिरवी आणि तपकिरी. झाकणांसाठी पत्र्याची बादली. आणि कोपऱ्यात लाल डबा. त्यात कपबश्यांचे तुकडे, आरसे आणि न तडकता आच सोसणाऱ्या भांड्यांची काच. ही शेवटची काच बाटलीच्या आचेला धड वितळत नाही, नव्या बाटलीत गाठ होऊन बसते, आणि गाठ असलेली बाटली कधी फुटेल याचा नेम नसतो.

"दिसायला बहीण, वागायला सवत," आत्या सुनेला सांगत. "तिचं तोंड बघू नकोस, आवाज ऐक." मग हातातल्या लोखंडी सळईने दोन तुकड्यांवर टिचकी मारत. सुनेला दोन्ही आवाज सारखेच वाटत. ती मान डोलवायची, आणि मान डोलवताना खोटं बोलल्यासारखी लाजायची.

सून नवी होती. घरात तीन वर्षं, शेडमध्ये तीन आठवडे. तिच्यासकट सहा बायका घेतल्या होत्या त्या एका चाचणीपुरत्या. आजवर भट्टीत जाणाऱ्या मालात एक तृतीयांश जुनी काच असे, बाकी वाळू, सोडा आणि चुनखडी. आता जुनी काच दोन तृतीयांश करून सात दिवस भट्टी चालवायची होती. सातही दिवस बाटल्या निर्दोष निघाल्या तर प्रमाण कायम, आणि सहाजणीही कायम. नाहीतर पुन्हा पूर्वीसारखं, आणि सहाजणी घरी.

हे सांगायला भट्टीसाहेब स्वतः शेडमध्ये आले होते. उंच, घामाने सतत चकाकणारा माणूस. भट्टीविषयी ते घरातल्या आजारी माणसाविषयी बोलावं तसं बोलत.

"वाळू वितळवायला फार आच लागते," ते म्हणाले. "जुनी काच एकदा वितळलेली असते, तिला कमी पुरते. गॅस वाचतो. शिवाय सोडा आणि चुनखडी तापली की त्यांच्या पोटातला कार्बन वायू होऊन चिमणीतून जातो. तोच वर जाऊन हवा तापवत बसतो. जुन्या काचेच्या पोटातला तो मागेच निघून गेलाय."

"म्हणजे ती एकदा रडून मोकळी झालीय," आत्या म्हणाल्या.

भट्टीसाहेबांनी क्षणभर विचार केला. "हो. तसंच."

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत माल उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर शेडमध्ये डोकावला. आत्यांना चिडवल्याशिवाय त्याचा चहा घशाखाली उतरत नसे.

"आज स्टीलचा पेला? आत्या, तुमचा तो राजेशाही काचेचा कुठे गेला?"

"सुनेचा आहे हा. तू तुझ्या बशीत बघ."

चौथ्या दिवशी सकाळी भट्टीसाहेब हातात एक बाटली घेऊन आले. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बाटलीच्या कमरेपाशी, डोळ्यात कण जावा तशी, एक बारीक गाठ होती.

"आच सोसणारी काच," ते म्हणाले. "परवाच्या मालातली. अशा अकरा निघाल्या. संध्याकाळी मला वर कळवावं लागेल."

बाकीच्या पाचही नव्या बायकांच्या नजरा हळूहळू सुनेकडे वळल्या. परवा पांढऱ्या टोपलीपाशी तीच होती. सुनेने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मी वाजवून बघत होते, आत्या," ती पुटपुटली. "सगळं वाजवलं मी."

आत्या बाटलीकडे बघत होत्या. गाठीकडे बघता बघता, घराला कुलूप लावलं की नाही अशी शंका अर्ध्या वाटेत आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

परवा चहाच्या वेळी त्यांचाच पेला फुटला होता. कान असलेला, जाड बुडाचा. नवऱ्याने कुठल्याशा स्पर्धेत तिसरं बक्षीस म्हणून मिळवलेला, त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव बक्षीस. उकळता चहा ओतला तरी एकोणीस वर्षं तो तडकला नव्हता. कोपर लागलं आणि खाली पडला. त्यांनी तुकडे गोळा केले, मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली, आणि मागे वळताना हात नेहमी जातो तिथे गेला. पांढरी काच, पांढरी टोपली. सळई टेबलावरच राहिली. परक्यांच्या काचा वाजवून घेणाऱ्या बाईने स्वतःची काच वाजवलीच नव्हती.

"परवाच्या पांढऱ्यातलं काही शिल्लक आहे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"अर्धा ढीग आहे. पण आत्या, तो ढीग म्हणजे..."

"फावडं आण."

दोन तास आत्या त्या ढिगात बसल्या. सून शेजारी बसली. एक एक तुकडा उचलायचा, टिचकी, बाजूला. दुपारच्या सुमारास सुनेने एक तुकडा वाजवला, थांबली, पुन्हा वाजवला.

"आत्या, हा वेगळा बोलतोय."

तो पेल्याचा कान होता. आत्यांनी तो तळहातावर घेतला. सुनेच्या तोंडावर हसू फुटलं होतं, आणि हसावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

"शिकलीस," आत्या म्हणाल्या. "मुहूर्त बरा शोधलास."

भट्टीसाहेबांच्या टेबलावर त्यांनी तो कान ठेवला. "हा माझा. मीच टाकला. पोरीचा काही संबंध नाही. वर कळवाल तेव्हा माझं नाव घाला."

भट्टीसाहेबांनी कान उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "दोष निवडीचा नाही. दोष चहाचा आहे. कारण सापडलं, चाचणी उद्यापासून पुन्हा पहिल्या दिवसाने सुरू." पेन खाली ठेवून ते म्हणाले, "आणि शेडमध्ये यापुढे काचेचा पेला दिसला तर मी तो स्वतः लाल डब्यात टाकीन."

नवे सात दिवस आत्या कुणाशी फारशा बोलल्या नाहीत. रोज सकाळी सून त्यांच्यासमोर पाच तुकडे वाजवायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. ड्रायव्हर लांबूनच चहा प्यायचा.

आठव्या दिवशी भट्टीसाहेब आले. या खेपेस बाटली दोन्ही हातांनी धरली होती.

"एकही गाठ नाही," ते म्हणाले. "गॅस जवळपास दहाव्या हिश्शाने कमी जळला. चिमणीतून गेलेला कार्बन त्याहूनही कमी. प्रमाण कायम. सहाजणी कायम." मग अवघडून त्यांनी बाटली पुढे केली. "ही त्या मालातली पहिली, बूच लावून आणलीय. तुमच्यासाठी. घरी मांडून ठेवा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने डोळे पुसले. सुटीचा भोंगा झाला.

आत्यांनी बाटली उजेडात धरली, गोल फिरवली, सळईने एकदा वाजवली. बूच काढून पत्र्याच्या बादलीत टाकलं. "दुकानात भेटशीलच," असं तिला म्हणत बाटली पांढऱ्या टोपलीत ठेवली, हातमोजे खुंटीला अडकवले, आणि बाहेर पडल्या.