बोसंगवालीच्या बोरीचा बुडखा

आमच्या गावात बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. माहेरच्या गावावरून मारतात, आणि तिच्या नवऱ्यालाही त्याच गावावरून. मी हाम्प्योंगची, म्हणून हाम्प्योंगवाली. आमचे हे होते तोवर तेही हाम्प्योंगवाले. शेजारच्या प्यो आडनावाच्या घरात बोसंगवाली होती, माझी जिवाची मैत्रीण. ती गेली, पण तिचे यजमान, आमचे भावजी, बोसंगवालेच राहिले. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि मग त्यांनी मोक्पोवाली आणली.

आणली म्हणजे अक्षरशः बाजारातून आणली हो! मासळी घ्यायला गेले आणि मासळीवाली घेऊन आले. ग्येसून तिचं नाव, पण ते फक्त तिच्या औषधांच्या पिशवीवर. पहिला नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. मग आयुष्यभर मोक्पोच्या बंदरावर मासे कापले, पोराला वाढवलं, पोराने पुसानला घर केलं आणि आईला विसरला. हात मिठाने फाटलेले, आवाज असा की तिने भावजींना जेवायला हाक मारली की माझा कुत्रा उठून बसायचा.

पहिल्याच हिवाळ्यात भिंतीशी उभी राहून मला म्हणाली, "ताई, मला काही नको. हे घर मोक्पोवालीचं, एवढं कोणीतरी म्हणावं. बस्स."

मी म्हटलं, "म्हणतील की. घाई काय आहे?"

मनात म्हटलं, हो, वाट बघ.

कारण त्या घरात जिकडे हात लावाल तिकडे बोसंगवाली. रांजणात सोयाबीनची काळी चटणी तिने मुरवलेली. टोपल्या तिने विणलेल्या. तिच्या श्राद्धाला स्वयंपाक ह्या बिचारीने केला, पहाटेपासून खपून, आणि पानावर पहिल्यांदा मांडायची ती लाल बोरं, तीही बोसंगवालीच्याच झाडाची, तिनेच वाळवून ठेवलेली. जेवताना सगळे म्हणाले, "बोसंगवालीच्या हाताला काय चव होती!" मोक्पोवाली पानात वाढत होती. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मीही म्हटलं होतं की तसं, आणि जरा मोठ्यानेच.

त्या बोरीचं झाड आदल्या वर्षीच्या वादळात मोडलं. भावजींनी करवतीने वरचं कापलं आणि गुडघ्याएवढा बुडखा अंगणाच्या मधोमध ठेवला. त्याच्या बेचक्यात एक दगड रुतलेला होता. तानोच्या सणाला आम्ही बोरीचं लग्न लावतो ना, बेचक्यात दगड बसवून, म्हणजे झाड फळ धरतं. तो दगड बोसंगवालीने बसवलेला, आणि मी शेजारी उभी होते. झाड वाढत गेलं तसं त्याने दगडाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं.

रोज संध्याकाळी शेतावरून आले की भावजी त्या बुडख्यावर टेकून बूट काढायचे. एक हात दगडावर. आतून मोक्पोवाली बघत असायची.

"अहो, आत पायरी आहे ना बसायला!"

"असू दे गं, इथे वारा लागतो."

"वारा! मेल्या लाकडाशी काय वारा लागतो?"

एके दिवशी सकाळी धाड धाड आवाज आला. भिंतीवरून डोकावले, तर मोक्पोवाली डोक्याला रुमाल बांधून कुदळ मारत होती.

"अगं ए! दिवस बघितलास का?" मी ओरडले. आमच्यात दिवस न बघता अंगणातली माती हलवत नाहीत, घर आजारी पडतं म्हणतात.

"मला ह्या घरात आल्यापासूनच ताप आहे, ताई. आणखी काय यायचंय?"

"भावजींना विचारलंस?"

"विचारलं. उठून पत्ते खेळायला गेले."

"तुझं काय खातोय गं तो बुडखा?"

ती थांबली. घाम पुसला. "तुमची मैत्रीण बसलीय त्याच्यावर. मी उठवतेय तिला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी घरात गेले नाही. तिथेच उभी राहून बघत राहिले, कारण मला खात्री होती की तिला जमणार नाही.

जमलं. बाईने भोवती खड्डा खणला, पाणी ओतून माती सोडवली, बाजूच्या मुळ्या मासे कापायच्या सुऱ्याने सपासप तोडल्या. मधलं जाड मूळ मात्र हलेना. पहार घातली, वर उभी राहून नाचली, शिव्या घातल्या, मोक्पोच्या बंदरावरच्या, ज्या आम्ही कधी ऐकल्याही नव्हत्या. शेवटी सरपंचाचा पॉवर टिलर मागून आणला, दोर बांधला आणि कड्‌ आवाज करून बुडखा आडवा झाला. ती त्याच्याशेजारी मातीतच बसली आणि ढसाढसा रडली. मला वाटलं होतं हसेल.

संध्याकाळी भावजी आले. खड्ड्यापाशी जरा थांबले, मग उभ्या उभ्याच बूट काढायला गेले आणि पडता पडता वाचले. बुडख्याचं सरपण झालं. दगड तिने धुतला आणि मुळ्याच्या लोणच्याच्या रांजणात दाब म्हणून ठेवला. माझ्या मैत्रिणीच्या हातचा दगड, हिच्या लोणच्यावर! मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

पण बोरीच्या मुळ्या तोडल्या की काय होतं ते मासळीवालीला कुठून ठाऊक असणार? उन्हाळा लागला आणि अंगणभर फुटवे आले. खड्ड्याभोवती, पायरीखाली, रांजणांच्या मधून, संडासाच्या वाटेवर. एक बुडखा काढला आणि चाळीस बोसंगवाल्या उगवल्या.

मी भिंतीवरून म्हटलं, "काय गं, उठवलीस ना तिला? बघ, कशी उठून उभी राहिलीय!"

हसून हसून माझं पोट दुखलं. ती एकेक फुटवा उपटत होती, तोंडाने पुटपुटत होती.

तेवढ्यात खालच्या आळीची सून आली. "काकू, टाकताय कशाला? मला द्या एक." मग तिची जाऊ आली. मग सरपंचाची आई. वादळाने गावातल्या बोरी मोडल्याच होत्या. मोक्पोवालीने उपटणं सोडलं आणि मुळासकट, मातीसकट काढून, गोणपाटात बांधून द्यायला लागली, सोबत वाटीभर मुळ्याचं लोणचं. लोक लोणच्यासाठी परत यायला लागले. पुढच्या वसंतात गावात जिकडेतिकडे कोवळ्या बोरी, आणि जो तो म्हणायचा, "ही मोक्पोवालीची बोर."

मी दरवेळी सांगायचे, "बोसंगवालीची." पोरीबाळी मान डोलवायच्या. एकीने तर विचारलं, "कोण बोसंगवाली?"

मग एका सकाळी सरपंचांनी भोंग्यावरून सांगितलं, "खताच्या गोण्या आल्या आहेत. मोक्पोवाले भाऊ, तुमच्या दोन घेऊन जा."

भावजी अंगणात बसून राहिले. दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटलं त्यांना.

"अहो, तुम्हालाच!" मोक्पोवाली म्हणाली. आवाज फुटेना तिचा. तिचा!

"मला?" ते म्हणाले. मग हळूच उठले आणि गेले.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी जळले. नवऱ्याची दुसरी बायको जळते म्हणून सगळं गाव बोलतं. मेलेल्या मैत्रिणीसाठी शेजारीण किती जळते, ते कोणी विचारत नाही.

त्याच संध्याकाळी ती भिंतीपाशी आली. एका हातात लोणचं, दुसऱ्या हातात तो दगड.

"घ्या, ताई. तुमच्याकडेही एक फुटवा आलाय ना, भिंतीखालून. त्याचं लग्न लावायला होईल."

"आणि तुझं लोणचं?"

"दुसरा दगड बघितलाय मी."

फुटवा अजून कमरेएवढाच आहे, बेचकं कुठलं धरायला. दगड मी बुडाशी ठेवलाय. परवा तिने भिंतीवरून विचारलं, "काय ताई, माझी बोर कशी आहे?"

"बोसंगवालीची बरी आहे," मी म्हटलं.

मला वाटलं, तोंड वाकडं करेल. तिने नुसतं डोकावून बघितलं.

"सुकलेली दिसते," ती म्हणाली. "पाणी घाला तिला."