माझा दादा आज सासू झाला

बायांनो, आज किन्हवलीला माहेरी गेली होती. आईला आता माणसं आठवत नाय. दोन दिवस ती जेवलीच नव्हती. म्हणते, "सासूबाय जेवल्याबिगर मी कशी जेवू?" तिची सासू जाऊन तीस वर्षं झाली.

मग माझ्या मिशावाल्या दादानं डोक्यावर टॉवेलाचा पदर घेतला, तिच्यासमोर दोन घास खाल्ले न् बोलला, "माझं झालं. आता तू पोटभर जेव गो सूनबाय."

आई अख्खी भाकरी जेवली.

मी म्हटलं, "दादा, मिशी तरी काढायचीस."

आईनं मलाच दटावलं, "गप गो. सासूला असं बोलतात?"

हसता हसता माझे डोळे भरले. आमच्या खऱ्या आजीनं आईला कधी 'पोटभर जेव' म्हटलं नाय. ते आज दादानं म्हटलं. त्याचे उपकार कसे फेडू?

तुमच्या घरात आहे का कोणी पोरगा, आईसाठी सासू झालेला?