फोटोमागची नावं
जुन्या पुठ्ठ्याचा वास आला की मला ओहायोतली म्हातारी घरमालकीण आठवते. शिकत असताना मी तिच्याकडे राहायचो, आणि एका रविवारी तिने माहेरच्या रँचचे खोकंभर फोटो मला स्कॅन करायला दिले. घोड्यांशेजारी उभ्या माणसांच्या त्या फोटोंमागे पेन्सिलीने लिहिलेली डेझी, ड्यूक ही नावं माणसांची समजून मी दिवसभर मान मोडेस्तोवर त्याच नावांनी फाइली सेव्ह केल्या. ते बघून म्हातारी दमल्यासारखी हसली. “अरे, ही घोड्यांची नावं! माणसं काय, लक्षात राहतातच, असं बाबा म्हणायचे.” मग कुंपणाला टेकलेल्या एका तरुणावर तिचं बोट थांबलं, ते थांबलंच. “भाऊ असावा माझा,” ती म्हणाली, “की चुलतभाऊ?” काल मुलीने आमचा अल्बम उघडून विचारलं, “बाबा, हू इज धिस?” आठवेना, म्हणून मी फोटो उलटून पाहिला. मागे कोरं होतं.