नुसता सूर धरायचा

आमच्या बँडचे स्पीकर विकले त्या दिवशी मी जेवलो नाही. काकू ताट घेऊन मागे लागली होती, पण मी ओसरीवर तोंड फिरवून बसून राहिलो. वयाच्या तिशीत माणसाने असं रुसणं शोभत नाही हे मलाही कळत होतं. पण घेणारे लोक पिकअपवरून एकेक डबा उतरवत होते आणि काका त्यांना हात लावून मदत करत होते, ते काही मला बघवत नव्हतं.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. घरात आजोबांपासून वाजवणं चालत आलेलं. सनई काकांकडे, सूर माझ्या वडिलांकडे आणि संबळ काकांच्या जावयांकडे. पुढे मी कॉलेजात कीबोर्ड शिकलो आणि हट्टाने तो बँडमध्ये घुसवला. त्याच्यामागून ऑक्टोपॅड आला, जनरेटर आला, मग हे स्पीकर. वडील गेल्यावर सुराची सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, काकांनीही सनई बाजूला ठेवून माइक धरला आणि आम्ही एकदम मॉडर्न झालो. पिकअपवर उभं राहिलं की मी घोड्यावरच्या नवरदेवापेक्षा उंच असायचो. खाली नाचणारी पोरं माझ्याकडे बघून हात वर करायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आणि एका सकाळी काकांनी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, "आता बास. सनई, सूर आन् संबळ. आपल्या बापजाद्यांचं वाजवायचं. बाकी काय नाय."

"आणि मी काय वाजवू?" मी विचारलं.

"तू सूर धर. तुझा बाप धरायचा तसा. तुला लय काय करायचं नाय, नुसता सूर धरायचा."

लोकांना काका कारणं सांगायचे ती सगळी पटण्यासारखी होती. डीजेवाल्यांच्या मागे पोलिस लागलेत. नाशिकच्या लॉन्सवाल्यांना आता पारंपरिक पाहिजे. तेही खरंच होतं. पूर्वी आम्हाला मागच्या गेटने आत घेणारे मॅनेजर आता फेटे बांधून पुढच्या कमानीखाली उभं करू लागले. पाहुणे येत, आमच्या शेजारी उभे राहून फोटो काढत आणि सरबताकडे वळत. ऐकायला कुणी थांबायचं नाही. पण काका खुशीत असायचे. डोळे मिटून, गाल फुगवून असे वाजवायचे की मलाही मनातल्या मनात मान डोलवावी लागायची. मनातल्या मनात, कारण खरोखर डोलवायची सोय नव्हती.

सूर धरणं म्हणजे काय ते सांगतो. सुराची सनई दिसायला सनईसारखीच, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर निघतो, आणि सनई वाजतेय तोवर तो तुटता कामा नये. श्वास घ्यायचा तो नाकाने, आणि तेवढ्या वेळात गालात साठवलेली हवा पुढे ढकलत राहायची. हे जमायला माझे काही महिने गेले. वडिलांनी लहानपणी नळीने पाण्यात बुडबुडे काढायला लावलं होतं, म्हणून तरी जमलं. एकदा सुरू झालं की शिंकायचं नाही, हसायचं नाही, कुणी ओळखीचं भेटलं तर भुवया उडवायच्या. नाकावर माशी बसली तर ती तिच्या सवडीने उठेपर्यंत वाट बघायची. शेजारी सनई गावभर हिंडून येते आणि आपण खुंटीला बांधल्यासारखे एका जागी. मला अक्षरशः कोंडल्यासारखं व्हायचं. लग्न कुणाचंही असो, मी आतल्या आत आरडाओरडा करत उभा असायचो आणि बाहेर तोच एक स्वर.

वडिलांनी हेच आयुष्यभर केलं. ते फार कमी बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, स्वभाव असेल. आता वाटतं, सवय झाली असावी.

त्यात काका मला चिकटून उभे राहायचे. माझ्या डाव्या हाताला, इतके जवळ की त्यांच्या फेट्याचा तुरा माझ्या कानात जायचा. मी अर्धं पाऊल सरकलो की तेही सरकायचे. उन्हाळ्यात दोन घामेजलेली माणसं अशी खांद्याला खांदा लावून उभी! मी कितीदा म्हटलं, "काका, जरा लांब व्हा ना, उकडतंय." ते म्हणायचे, "सनई आन् सूर लांब राहत नसतात."  मंगलाष्टकांच्या वेळी तर ते माझ्या कोपरावर हातच ठेवायचे. शेवटची अक्षता पडली की मी कोपर हलवायचो आणि ते सनई उचलायचे. ही आमची जुनी पद्धत आहे असं त्यांचं म्हणणं. वडिलांना असं करताना मी पाहिलं नव्हतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमधून मला फोन आला. संध्याकाळी पाहुणे जेवत असताना हळू आवाजात कीबोर्ड वाजवायचा. खुर्चीत बसून, फेट्याशिवाय, पंख्याखाली. मी तो फोन ठेवला आणि गोठ्यामागे जाऊन एकटाच हसलो. उन्हाळ्याच्या लग्नतिथी संपल्या की येतो, असा शब्द देऊन बसलो. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखूला चुना लावला. मग म्हणाले, "बघू." जावयांना मी सूर शिकवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या गालातून हवा निघायच्या ऐवजी डोळ्यांतून पाणी निघायचं. गावातली इतर मंडळी ऐकूनच हसली. एक स्वर वाजवायला कोण शिकणार?

मग चांदवडचं लग्न आलं. कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर, मांडव मोठा, ऊन रणरणतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझी पत्ती वाळून कडक झाली. सनईच्या तोंडाला जी पानाची पत्ती असते ती ओली नसली की आवाजच धरत नाही. काकांनी ते बघून मला पाण्याकडे पिटाळलं. "जा, भिजवून आण. अजून लय वेळ हाय," म्हणाले. मी मांडवाच्या कडेला पाण्याच्या जारपाशी उभा राहून पत्ती जिभेवर घोळवत होतो. भटजींची अजून दोन कडवी बाकी होती आणि त्यानंतर मुलीच्या आत्या स्वतः रचलेलं एक म्हणणार होत्या. मुहूर्तालाही अवकाश होता.

एवढ्यात व्हिडिओवाल्याने समोर आलेल्या कुणाला तरी बाजूला करायला हात वर केला.

आणि तीच खूण समजून काकांनी सनई फुंकली. काकांची सनई लागली म्हटल्यावर जावयांनी संबळावर काठी मारली. मांडवातली जनता सकाळपासून ह्याच क्षणाची वाट बघत होती. लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम उधळल्या, टाळ्या पिटल्या आणि अर्धा मांडव जेवणाकडे पळाला. मामांनी अंतरपाट ओढला. नवरीने घाबरून की आनंदाने कोण जाणे, नवऱ्याच्या गळ्यात हार घालून टाकला. भटजींचं तोंड उघडंच राहिलं. आत्याबाई हातात कागद घेऊन उभ्या.

लग्न मुहूर्ताच्या आधीच लागलं होतं. घातलेला हार काढायला कोण सांगणार?

मी धावत गेलो तर नवऱ्याचे वडील काकांसमोर उभे राहून बोलत होते. फार वाईट बोलत होते. काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. तसं बघताना मी त्यांना पूर्वीही पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला. भटजी समजूतदार निघाले. उरलेली कडवी त्यांनी पाठमोऱ्या पाहुण्यांना ऐकवली, आत्याबाईंनाही म्हणू दिलं, आणि शुभ काम थोडं लवकर झालं तर बिघडत नाही असं सांगून वेळ मारून नेली. आम्ही न जेवता निघालो.

पिकअप मी चालवत होतो. काका शेजारी बसले होते, जावई मागे वाद्यांजवळ. हायवेला लागलो. मग न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

त्यांनी उजवा कान माझ्याजवळ आणला. मी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"ह्या कानानं येतं थोडं," ते म्हणाले. "तो दुसरा गेलाय कवाच. स्पीकरच्या फुडं माइक घेऊन उभा राह्यचो ना."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? बहिऱ्याला कोण वाजवायला बोलावतंय?"  मग ते स्वतःहून बोलायला लागले. "त्या डब्यातनं काय निघतंय तेच कळंना झालं मला. नुसती छातीत धडधड. तू काय वाजवतोस ते बी कळायचं नाय. म्हणून इकून टाकले. सनई ओठात धरली की डोक्याच्या आत वाजती. कान नसले तरी ऐकू येती. फकस्त सूर बाहेरनं लागतो. तू जवळ असला की तो येतो. नसला की मी कुठं चाललोय ते मला कळत नाय."

मी पुढच्या ट्रककडे बघत गाडी चालवत होतो. बापजाद्यांचं, परंपरा, मुळाकडे परत जाणं, सगळं मी इतके महिने ऐकून घेतलं होतं आणि मनातून चिडत होतो. त्यामागे एवढंच होतं. जगातला सनईचा एकच आवाज काकांना अजून नीट ऐकू येत होता. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. कारण आता मला माहीत झालं होतं. माहीत नव्हतं तोवर मी रिसॉर्टला सुखाने गेलो असतो.

घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "तू जा खुशाल. शब्द दिलाय ना त्यांना? तुझ्या बापाला मी कधी जा म्हणालो नाय. तुला म्हणतो."

मी म्हणालो, "मग तुमचं काय?"

"करू कायतरी."

त्यांनी खरंच केलं. जावयांकडून मोबाइलवर एक विजेची सुरपेटी मागवून घेतली. बटण दाबलं की सूर सुरू, दमत नाही, घाम येत नाही, रिसॉर्टला जात नाही. आमच्या सुराच्या सनईशी तिचा स्वर मी स्वतः जुळवून दिला. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ओसरीत उजव्या कानाजवळ स्टूल ठेवून त्यावर पेटी, तिची वायर घरातल्या बोर्डाला, आणि स्वतः अंगणाकडे तोंड करून मांडी घालून बसले. मी त्यांच्या मागे कीबोर्ड पिशवीत भरत होतो.

पेटी सुरू झाली, काकांनी डोळे मिटले आणि सनई लावली. सुरेख लागली. मी चेन ओढता ओढता थांबलो. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. खरंच जमतंय की, म्हटलं. यंत्राला माझी जागा दिली म्हणून वाईट वाटून घेणारा मी नव्हे. मी तर त्या पेटीला हार घातला असता.

तेवढ्यात आतून काकूचा आवाज आला, "गेली वाटतं लाईट."

पेटीचा लाल दिवा विझला होता. सूर बंद झाला होता. काकांचे डोळे मिटलेले, बोटं चालू. थोडा वेळ ते नीट गेले, मग सनई चढायला लागली. जरा, मग अजून जरा. अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखी ती चाचपडायला लागली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ते थांबले नाहीत. त्यांना वाटलं असणार आपलंच चुकतंय.

मी खुंटीवरची सुराची सनई काढली. पत्ती तोंडात ओली केली, त्यांच्या मागे उजव्या बाजूला उकिडवा बसलो आणि सूर दिला.

सनई खाली आली, जागेवर बसली. काकांच्या कपाळाची आठी गेली. त्यांनी ती चीज मनासारखी पूर्ण वाजवली, सनई मांडीवर ठेवली आणि ओठ पुसले. डोळे अजून मिटलेलेच होते, आणि माझा सूर चालूच होता. कान पेटीकडे लावून ते मागे न वळता म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? लागतंय हे यंत्र. एकदम तुझ्यासारखं लागतंय. जा आता निवांत. सुटलास तू."

काकू चहा घेऊन दारात आली होती. तिने विझलेला दिवा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा घेऊन परत आत गेली.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलायचं तर सूर थांबवावा लागला असता. काकांनी पुन्हा सनई उचलली. मी नाकाने श्वास घेतला.